चॅनल चार

५ ऑक्टोबर, रवि.
सराव. गोहलपूर, शिरीषकाकांचं गोडाऊन. काका कीबोर्डवर, बाबा बेस गिटारवर, मी मिक्सरवर. बाबा पुन्हा तालाच्या मागे. फार नाही, पण ड्रमर प्रत्येक कडव्याला वळून बघतो. झांज त्यांना ऐकूच येत नाही. वरचे स्वर इतक्या वर्षांत कारखान्यातल्या प्रेसच्या धडधडीनं खाल्ले. कान तपासायला चला म्हटलं.
"तू आपला मिक्सर सांभाळ."

७ ऑक्टो.
काकांचा फोन. "बेटा, रविवारी बाबांचा चॅनल बंद ठेव. बेस मी कीबोर्डवर डाव्या हातानं काढून घेतो. त्यांना काहून सांगायचं? वाजवून राहिले, वाजवू दे."
बघते म्हटलं. नाही म्हटलं नाही.

१२ ऑक्टो., रवि.
कार्यक्रम, दीक्षितपुरा. लाकडी स्टेज. बाबांनी नेहमीसारख्या चपला काढल्या. कानाला येत नाही ते त्यांना फळीतून तळपायाला कळतं. बाबांच्या चॅनल ४ चं बटण पूर्ण खाली, आवाज बंद. काकांचा डावा हात चोख. ड्रमर एकदाही वळला नाही. लोक खूश.
बाबांचा बेस फक्त माझ्या हेडफोनमध्ये. शेवटच्या गाण्यात त्यांनी एक जागा घेतली. उशिरा, पण अशी की…

१३ ऑक्टो.
चहाला बाबा म्हणाले, "काल फळी माझ्या बोटाच्या आधी वाजत होती."
मी: स्पीकर लांब होते. फरक पडतो.
"लांब असला तर आवाज उशिरा येईल नं. आधी कसा?"
बरोबर आहे. आई म्हणाली, "अहो, चहा गार होऊन राहिला दोघांचा."

१५ ऑक्टो.
काकांना सांगितलं, बाबांना कळलंय.
"काही बोलले?"
नाही.
"मग नाही कळलं. चलो, रविवारी सदरला कार्यक्रम. तसंच ठेव."

१८ ऑक्टो., शनि.
बाबांनी गिटारला नवीन तारा चढवल्या. बराच वेळ सुरात लावत होते. मग कपाटातून बूट काढून पॉलिशला बसले. उद्यासाठी का, विचारलं. स्टेजवर त्यांना पायात काही घातलेलं मी कधी पाहिलं नाही.
"हो. घालूनच वाजवीन. पायाला थंडी वाजते."
पंखा चालू होता. त्यांनी वर पाहिलं नाही.
केबल गुंडाळल्या, मिक्सर पुसला. चॅनल ४ ची चिकटपट्टी निघत आली होती. नवी लावून 'बाबा' लिहिलं. बटण अजून खालीच आहे.