दिवा उजवीकडे ठेवायचा

४ मे
आज डोंगरावर रुजू झालो. दुर्बिणीवरच्या माणसांना संध्याकाळी वर न्यायचं, उजाडायच्या आत खाली आणायचं. पन्नाशीला टेकलेल्या ड्रायव्हरला अटाकामाच्या वाळवंटात याहून बरं काम मिळणार नाही. देवाचे आभार मानले. स्वयंपाकघरात गरम पाव आणि वाटलेला अवोकाडो मिळाला. दुर्बिणीवरच्या डॉक्टर मारिसोल हसून म्हणाल्या, "एलिआसकाका, गाडीचे मोठे दिवे लावायचे नाहीत हं. आमच्या आकाशगंगा लाजतात."

अवघड वळणावर बाल्डोमेरो या जुन्या ड्रायव्हरचं अनिमिता, म्हणजे मेलेल्याच्या आठवणीचं देवघर, आहे. तो अंधारात गाडीसकट दरीत गेला, तिथे त्याच्या आईनं खडकाशी बांधलेलं हातभर उंचीचं घर. आत मेणबत्ती. उतरताना सगळे ड्रायव्हर ती उजवीकडे ठेवून वळतात. डावीकडे दरी.

९ मे
मारिसोलबाईंनी फोटो दाखवला. काळ्यावर पुसट ठिपके, एकेक ठिपका म्हणजे अख्खी आकाशगंगा. निळ्यांत तारे जन्मताना दिसतात. काही लाल, त्यांच्यात जन्म थांबलेला. का थांबला, विचारलं. शेजारच्या मोठीनं त्यांचा वायू ओढून घेतला, म्हणाल्या. म्हणजे वरही थोरला धाकट्याचं सरपण पळवतो. हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. आज तिथे काय उरलंय, कुणालाच ठाऊक नाही.

१५ मे
अनिमितातल्या मेणबत्तीनं फोटो बिघडतात, असं दुर्बिणीचे मोठे साहेब म्हणाले. ती बंद करायची. मेलेल्याला दिवा कशाला, त्याला काय गाडी चालवायचीय? सगळे हसले. खडकाआडचा उजेड वर पोचतच नाही, हे मारिसोलबाईंना माहीत होतं. त्या चहा ढवळत राहिल्या. नोकरी नवी. मीच फुंकर मारली.

वाटेत बाल्डोमेरोची आई भेटली. म्हणाली, "विझवलास ना, लेकरा? आता तो स्वतःच दिवा घेऊन फिरेल."

१८ मे
उतरताना अनिमितात दिवा दिसला. जळत होता. मारिसोलबाई म्हणाल्या, विझल्यावरही उजेड येत राहतो काका, आमच्या आकाशगंगांसारखा. मीही हसलो.
दुपारी जाऊन पाहिलं. वात थंड. वर धूळ साचलेली.

२० मे
दिवा हलला. परवा खडकाशी, आज रस्त्याच्या मधोमध. मोठे दिवे लावू द्या, म्हणालो. साहेब म्हणाले, दारू कमी पी. मी पीत नाही.
मारिसोलबाईंनाही सांगितलं. विझलेला दिवा हलेल कसा, म्हणाल्या.

२२ मे
मला ताप. मारिसोलबाई एकट्याच गाडी घेऊन उतरल्या. दिवा उजवीकडे ठेवूनच वळल्या असतील. मीच शिकवलं होतं. दिवा दरीवर असणार —
त्यांचं प्रेत दरीतून अजून वर काढता आलेलं नाही.

२३ मे
साहेबांना खाली न्यायचंय. वळणाअलीकडे थांबलोय. पुढे दोन दिवे. दोन्ही दरीवर. साहेब मागून — चल रे गाढवा, थांबलास का —

मेणबत्ती आणली होती. काडी पेटते. वात धरत नाही.

दोन्ही जवळ येतायत. प्रभो, माझी फुंकर —

मोठे दिवे लावले. साहेब ओरडले. समोर काळोखच. उतरून गाडीच्या दिव्याच्या काचेला हात लावला, गरम आहे. दिवे जळतायत. उजेड निघालाय. रस्त्यापर्यंत अजून पोचलाच नाही —