माझा गाल आणि रॉयडनचा सोलो

१८ नोव्हेंबर
रॉयडनने माझा गाल फोडला. म्हणजे मी त्याला ढकलायला गेलो आणि तो बाजूला झाला. मागे चॅपेलचे लोखंडी गेट. ऐन वेळी बाजूला होणे हा हल्लाच. फेस्ताच्या, म्हणजे चॅपेलच्या सणाच्या, मिरवणुकीत ट्रम्पेटचा सोलो त्याला हवा होता. इतकी वर्षे तो सोलो माझा आहे. सख्खा पुतण्या, पण साप.

१९ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई म्हणतात, गालाचे हाड मोडले, त्यामागच्या पोकळीची भिंतही चिरली. नाक शिंकरायचे नाही. ट्रम्पेट महिनाभर बंद, नाहीतर हवा चिरेतून कातडीखाली शिरेल. मी म्हटले, हवा म्हणजे काय पाणी आहे, झिरपायला? तिने तेच पुन्हा सांगितले. शिकाऊ असावी. सेवरीना बायको माझी, पण बाजू डॉक्टरणीची: कॉस्मे, डॉक्टरनीचा आयक.

२२ नोव्हेंबर, सकाळ
सर्दी. निश्चय: शिंकरणार नाही.

दुपार
एकदाच शिंकरले. हळू. डोळ्याखाली पुरीसारखे टम्म. दाबले की कुरमुऱ्यांच्या पिशवीसारखे वाजते. सेवरीनाने पाहिले, टोप आपटले. सूज ही बरे होण्याचीच खूण.

२९ नोव्हेंबर
सूज उतरली. डॉक्टरीण खोटी पडली. रॉयडन बांगडे घेऊन आला. म्हणे, अंकल, औंदा मी वाजवतलंय, तुमी बसान आयका. बांगडे ठेवून घेतले, त्याला हाकलला. सोलो मीच वाजवणार.

३ डिसेंबर, फेस्त
वाजवला. पहिला उंच सूर उत्तम. दुसऱ्याला गाल फुगला, मग मान. आवाज बदकासारखा झाला, छातीत कळ, श्वास पुरा होईना. सेवरीना ओरडली, रॉयडन, गाडी काढ, ह्यो मरतलो. त्यालाच गाडी चालवावी लागली, म्हणजे उरलेला सोलो त्यालाही मिळाला नाही, हे एक बरे झाले. मी घाबरलो नव्हतो. सेवरीनाचा हात मी तिला धीर यावा म्हणून घट्ट धरला होता.

५ डिसेंबर, हॉस्पिटल
हवा गालातून मानेत, मानेतून छातीत, थेट हृदयाभोवती गेली होती. डॉक्टरीण म्हणाली, असे फार क्वचित होते. साध्या माणसाला होणारच नाही. पाद्री भेटून गेले. आम्ही गेल्यावर मिरवणूक ट्रम्पेटशिवाय कधी नव्हे इतकी शांत झाली, लोक खूश आहेत म्हणाले. हवा आपोआप जिरेल. ट्रम्पेट तर बंदच, पण आठवडाभर बोलायचेही नाही, गप्प पडून राहायचे.

सेवरीनाने डॉक्टरणीला बाजूला नेऊन विचारले, गप रवाचा तेवढा वाढवन मिळात काय?