पाठ फिरवून वाजवलेल्या गिटारची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा रॉक बँडमध्ये गिटारवादन (आता बंद), आज भर दुपारी, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवत आहे. कुणाची जबरदस्ती नाही. वकिलांनी आपले पेन पुढे केले होते, ते मी घेतले नाही. पेन माझे आहे. मधलेच पान बदलण्याची हौस कुणाला येऊ नये म्हणून प्रत्येक पानावर सही केली आहे. यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत आमच्या ड्रमवाल्याचे, म्हणजे ठोक्याचे, नाव 'यास काहीही देऊ नये' एवढ्यापुरतेच आहे.

१. राहत्या दोन खोल्या धाकट्या भावास द्याव्यात. त्याच्यावर फार विश्वास आहे अशातला भाग नाही, पण बिचाऱ्याला दुसरीकडे जागा नाही. दाराची तिन्ही कुलपे त्याने बदलू नयेत. ती मी विचार करून लावली आहेत.

२. मला न विचारता माझे चित्र छापून टी-शर्ट विकल्याबद्दल त्याच भावास माफ करतो. चित्रात माझी पाठच आहे, कारण मी जन्मात कधी लोकांकडे तोंड करून वाजवले नाही. लोक म्हणाले, काय हा बंडखोर! अहो, कसले बंड? मी गिटारच्या तारा सगळ्या जगाहून निराळ्या लावायचो. बोटे पाहून कुणी ती सुरांची जुळणी उचलेल, या धास्तीने पाठ फिरवायचो. आज जो तो पोरगा स्टेजवर पाठ करून उभा! पंख्याच्या जाहिरातीतला नटसुद्धा. आणि माझी जुळणी? मोबाइलमध्ये, मॅचच्या मैदानावर, लिफ्टमध्ये. दातांच्या डॉक्टरकडेही तीच चालू होती. तोंडात नळी होती म्हणून गप्प बसलो.

३. लोकांकडे पाठ म्हणजे तोंड कुणाकडे? ठोक्याकडे. माझी बोटे ज्याला दिसतील असा जगात तो एकटाच. त्यामुळे दुसऱ्या एका बँडच्या रेकॉर्डवर माझी जुळणी ऐकली तेव्हा मी सरळ त्यालाच धरले. तालमीच्या खोलीत विचारले, "किती दिवस चाललंय हे?"

"काय चाललंय?"

"साळसूदपणा पुरे."

त्याने काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि निघून गेला. त्याला एकतीस वर्षे झाली. त्याची दोन पत्रे आली होती. मी ती उजेडासमोर धरून पाहिली आणि न फोडता परत पाठवली.

४. गेल्या महिन्यात दारात एक मुलगी आली, खांद्याला गिटार. "आजोबा, तुमच्याकडे शिकायचंय."

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. तुमच्या ड्रमवाल्यांची नात मी. ते तर नको जाऊस म्हणत होते."

म्हटले, नक्की कुठेतरी पाणी मुरतेय. साखळी न काढता तिला बाहेरच वाजवायला लावले. जुळणी माझीच, हुबेहूब!

"आजोबांनी शिकवली ना?"

"छे! त्यांना गिटार धड धरताही येत नाही. तुमच्याच रेकॉर्डवरून घेतली. पहिल्या गाण्याआधी तुम्ही सहाही तारा एकेक करून वाजवून बघता ना, ते आहे की त्यात. आम्ही सगळ्यांनी तिथूनच घेतली."

ते खरे आहे. रेकॉर्डिंगवाला तो तुकडा कापत होता. कानाला बरा वाटला म्हणून मीच ठेवायला लावला, वर त्या भल्या माणसावर डाफरलो. जन्मभर बोटे लपवली आणि सूर स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाटून टाकले. ठोक्याचा काडीचा दोष नव्हता. मला फार लाज वाटते. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत म्हणे. मी लिहितो आहे.

५. गिटार ठोक्यालाच द्यायची होती. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणतात. (मी दुसऱ्या वकिलाकडूनही खात्री करून घेतली.) मला साक्षीदार तोच हवा. मला वाजवताना समोरून पाहिलेला दुसरा माणूस नाही. तेव्हा गिटार त्याच्या नातीस द्यावी. तिने हवे त्याला शिकवावे, फक्त लोकांकडे तोंड करून वाजवावे.

ठोक्यास निरोप धाडला आहे. त्याच्या जागी सहीला दुसरा कुणी बोलावणार नाही. तो आला नाही तर हे कागद रद्दीत जातील, आणि मी त्याला बोल लावणार नाही.

स्थळ: राहते घर, तिसरा मजला. दिनांक: नऊ मार्च.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा चष्मेवाला. (सही)

साक्षीदार दुसरा: (सही) ठोक्या. तीन जिने चढून आलो. सगळं वाचलं. तुझी जुळणी मला आजही माहीत नाही. तुझ्या बोटांकडे मी कधी बघितलंच नाही रे. तोंडाकडे बघायचो. कुठे थांबायचं ते तिथे कळायचं.