ट्रकवरून येणाऱ्या भिंती

आई, नाशिक रोडचं आमचं घर पाडायचं ठरलंय. ह्यांनी बांधलेलं. हे गेल्यापासून त्याची गळती वाढतच गेली, म्हणून पाडणं मलाही पटलं. नवं घर विटांचं नाही. भिंती कारखान्यात ओततात, दारं-खिडक्यांच्या जागा सोडून. ट्रकवरून आणतात आणि क्रेननं उभ्या करतात. त्याचं माहितीपत्रक घरात मी एकटीनंच शेवटपर्यंत वाचलं. पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली मी, छापील काही दिसलं की सोडवत नाही. "विटांचं करत बसलो तर वर्ष जाईल," मुलगा म्हणाला. "हे दोन महिन्यांत उभं. तेवढे दोन महिने तू मामाकडे सायखेड्याला राहा. आम्ही इथंच एखादी खोली घेतो."

परवा कंपनीचा माणूस नकाशा घेऊन आला. सून बोट ठेवून दाखवते आहे: "हा हॉल, हे किचन, ही आमची खोली, ही छोटीची, हे ह्यांचं ऑफिस." बोट थांबतं. "आणि मी गच्चीवर का?" मी हसत विचारते. सून म्हणते, "तुमची कॉट हॉलमध्ये बसेल की, आई." मुलगा म्हणतो, "नंतर काढू ना एक खोली." कंपनीचा माणूस मान हलवतो. "नंतर नाही होत, सर. अख्खी भिंतच भार घेते. खिळासुद्धा आम्हाला विचारून मारायचा." सगळे हसले. मीही हसले.

सायखेड्याचं घर बांधताना भिंत गुडघ्याएवढी झाली होती, तेव्हा तू गवंड्यांच्या भाकरी घेऊन आलीस आणि टोपली खाली न ठेवताच विचारलंस, "आक्का कुठं झोपणार?" नवरा गेल्यावर माहेरी आलेली दादांची बहीण, माझी आत्या, तुझ्यामागं पाण्याची कळशी घेऊन उभी होती. दादा म्हणाले, "बघू नंतर." "नंतर कोण बघतंय? ओट्यावर झोपतील का त्या?" "अगं, काल दिसभर लावल्यात विटा." "मग आज दिसभर काढा. वल्या हायेत तवर निघतील." दादा चिडले, पण विटा निघाल्या. आत्याला स्वतःसाठी काही मागावं लागलं नाही. माझ्यासाठी मागणारे हे होते.

काल मुलानं फोन करून भिंती ओतायला सांगितलं. म्हणजे आता कुठल्याशा शेडमध्ये त्या आडव्या पडून सुकत असतील. इथं कुणी रागावलेलं नाही, कुणी वाईट बोलत नाही. सून खोके बांधते, प्रत्येकावर किचन, हॉल असं लिहिते. माझ्या खोक्यांवर सायखेडा लिहिलंय. कॉटही टेम्पोतून तिकडेच जाणार आहे.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. भावाला मी दोन महिनेच म्हटलंय. बाहेर चैत्राचं ऊन आहे. तरी आज घरात कुणी नव्हतं तेव्हा मी सायखेड्याला न्यायच्या पेटीच्या तळाशी स्वेटर आणि शाल ठेवली.