कुलपाचा आकडा आणि ओट्यावरची रेघ

मी, नवशी लडक्या वाढाण, वय ७४, राहणार गंजाड, ता. डहाणू, जि. पालघर, तलासरीकडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने एकोणतीसचा पाढा विचारून बघावा. आधीचं मृत्युपत्र रद्द. ते जावई रविंद्रराव यांनी सुचवलं होतं.

१. मला मुलं दोन, थोरली प्रगती आणि धाकटा धनेश. वाटणीवरून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. गेल्या दिवाळीत धनेशने स्वयंपाकाच्या ओट्यावर रेघ मारली, तीही माझ्याच खडूने. "आये, अलीकडचं माझं, पलीकडचं ताईचं." गॅस त्याच्याकडे आला, नळ तिच्याकडे. मेल्यांनो, मग चहा कसा करायचा?

२. राहतं घर आणि मागची वाडी दोघांना समाईक. भाग पाडायचे नाहीत.

३. फळ्यावरची मोठी लाकडी पट्टी रविंद्ररावांना. आमच्या घराची मापं ते नाहीतरी घेतच असतात.

४. घराचे कागद स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटात आहेत. आकड्यांचं कुलूप धनेशनेच आणलं, ताईचा हात पोचू नये म्हणून. आकडा मात्र मी ठरवला. एक आणि तो स्वतः सोडला तर त्याला दोनच संख्यांनी भाग जातो, दोन्ही मूळ संख्या. एक धनेशच्या कानात सांगितली आहे, दुसरी प्रगतीच्या. दोघांनी मिळून गुणाकार ओट्यावर, त्या रेघेवरच मांडावा. मोबाईल चालणार नाही. धनेश हातचा विसरतो. प्रगती काहीच विसरत नाही, हेच तर दुखणं आहे. कपाटाला ग्राइंडर लावील त्याचा हिस्सा शेजारच्या पुतळीला.

५. (वकील प्रविण यांनी हे कलम गुणाकार झाल्यावरच वाचावे.) दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा आलं ना? नसेल तर हातचा बघा. सातही आकडे एक! तुम्ही दोघांनी चोरून आपापले वाढदिवस लावून पाहिलेत, पुतळीने सांगितलं. माझा कुणी लावला नाही.

या आकड्याकडे बघून वाटतं, याला कशानेच भाग जायचा नाही. पण त्याच्या पोटात तुम्ही दोघं आहात, तिसऱ्याला जागा नाही. रविंद्ररावांनी वाईट वाटून घेऊ नये. पोरांनो, मी मेल्यावर तरी बोला.

६. कपाटात कागदांच्या पुढे चहाचा आणि साखरेचा डबा आहे. आधी चहा करा, गॅस त्याचा, पाणी तिचं. कागद नंतर. आजवर साखर मीच बदलत आले, आता कोणी बदलणार नाही. तेव्हा मुंग्या लागायच्या आत मिटवा.

ठिकाण: गंजाड. दिनांक: २२ जुलै २०२५.
सही: नवशी लडक्या वाढाण

साक्षीदार: १. हाल्या हिरू कोम २. सुनिता चिमण धोडी
(पुतळीचं नाव कलम ४ मध्ये असल्याने तिला साक्षीदार करता आलं नाही. ती रुसली आहे.)
बाईंनी आमच्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली. एकोणतीसचा पाढा त्यांनी आम्हालाच म्हणायला लावला.