डाव्या खांद्याची रायफल

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, दिवाळीच्या आधीचा आठवडा

प्रिय शिवांगी,

अक्षराकडे बघून घाबरू नकोस. मला झटका-बिटका आलेला नाही. बीपी आटोक्यात आहे आणि शुगर तुझ्या आईच्या पहाऱ्यात आहे. अक्षर असं का आलंय ते सांगतो, पण शेवटी. तू लहानपणापासून गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचतेस, तेवढं या वेळी करू नकोस. बातमी अशी की तुझी रायफल तयार झाली. गॅरेजमध्ये टेबलावर, जुन्या चादरीवर आडवी ठेवली आहे आणि मी येता-जाता तिच्याकडे बघतो.

जूनमध्ये तू ती ठेवून गेलीस तेव्हा मी मनातून खूश झालो होतो, हे तुला कळलं नसेल. तुझे सासरे मार्चमध्ये गेले, जाताना मुलाला ट्रक दिला आणि सुनेला ही पंप-ॲक्शन रायफल. माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहानच असेल ती. दस्त्याला मुठीपाशी तडा, नळीवर गंजाचे ठिपके. "बाबा, फक्त क्रॅक फिक्स करा, फॅन्सी काही नको, टू हंड्रेडच्या वर जाऊ नका," असं तू बजावलंस, कारण यंदा तुम्ही घराचं छप्पर बदलायला काढलंय. मी आयुष्यभर पाण्याचे पंप डिझाइन केले, तेव्हा पंप म्हटल्यावर आपल्याला जमेल असं धरून चाललो. उघडल्यावर कळलं की हे प्रकरणच वेगळं आहे. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, की पुढचं काडतूस आत. ती मूठ खुळखुळते. आठवडाभर मी तिच्या मागे लागलो होतो. शेवटी हायवेपलीकडचा बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा गनस्मिथ म्हणाला, की या सगळ्याच खुळखुळतात, सोड तिला.

तुमचा हिवाळ्याचा फ्रीझर दर मोसमात मारलेल्या एका हरणावर चालतो, हे पचायला मला सहा वर्षं लागली. तुझ्या आईला अजून लागतायत. रायफल गॅरेजचं दार ओलांडून घरात येता कामा नये, एवढी एकच अट तिने घातली. पण काम मात्र झकास चाललं होतं. तड्यात इपॉक्सी गोंद भरला आणि वरून सायकलची जुनी ट्यूब करकचून गुंडाळली, शिकंज्याचे पैसे वाचले. प्रतापकाका रिटायर झाल्यापासून रिकामाच असतो, त्याला घेऊन गन शोला गेलो. साताऱ्याचा हाडांचा डॉक्टर आणि सांगलीचा इंजिनिअर, दोघं शाकाहारी, भंगाराच्या खोक्यात बंदुकीचे सुटे भाग उपसतायत, हे दृश्य तू बघायला हवं होतंस. तिथे धक्का सोसणारं जुनं रबरी पॅड अगदी स्वस्तात मिळालं. लाकडाला तेल कुठलं लावायचं म्हणून चौकशी केली, तर जवसाचं! आठ दिवस थोडं थोडं चोळत होतो. आई म्हणाली, तुमच्या हातांना सासूबाईंच्या जवसाच्या चटणीचा वास येतोय. मला बरं वाटलं ते.

मग गणपती आले.

त्या दिवसाबद्दल आपण बोललेलो नाही, म्हणून मीच लिहितो. आरती झाली, घरात तीसएक माणसं, मी खिरापत वाटत होतो. आरोहीने डावा हात पुढे केला. मी तो खाली केला आणि म्हटलं, हा नाही, दुसरा. तिने पुन्हा तोच पुढे केला आणि मला समजावून सांगितलं, "बट आजोबा, धिस इज माय गुड हँड." लोक हसले. लोक हसले म्हणून मला चेव आला. मी तिचा हात धरून तिच्या पाठीमागे नेला आणि तिथेच दाबून ठेवला. पाच वर्षांच्या पोरीचा हात. तू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतीस. तिला उचललंस, बूटही घातले नाहीत, आणि चार तास गाडी चालवत ॲशव्हिलच्या पुढे डोंगरातल्या तुमच्या घरी निघून गेलीस. "पोचलो" एवढा मेसेज आला. त्याला सात आठवडे झाले. जावईबापू अधूनमधून फोटो पाठवतात, तू नाही.

आधी मी रागावलो, खोटं कशाला सांगू. एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं आईला दहादा म्हणालो. ती एकदाही हो म्हणाली नाही. रायफल तशीच पडून होती. एक दिवस म्हटलं, तडा बुजलाय, तिच्यासोबत आलेल्या केसमध्ये घालून जावईबापूंना कळवून टाकू, येऊन घेऊन जा म्हणावं. केसच्या बाजूच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. तुझ्या सासऱ्यांचं पेन्सिलीतलं अक्षर, सगळी कॅपिटल. गनस्मिथला द्यायची यादी असावी, ती द्यायची राहून गेली. चाप अडवणारं सेफ्टीचं बटण डावखुऱ्यांसाठीचं. दस्ता पाऊण इंच कमी. गाल टेकायचा उंचवटा उजव्या बाजूला. आणि खाली लिहिलं होतं, "शिवांगी इज अ लेफ्टी. डोन्ट लेट हर टेल यू अदरवाइज."

मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो. त्या माणसाला मी पाच-सहा वेळाच भेटलो असेन. मोठ्याने बोलायचा, माझं नाव चारुदत्त ते त्याला शेवटपर्यंत "चार्ली" एवढंच जमलं. त्याने तुला शिकारीच्या दोन मोसमांत बघितलं आणि ओळखलं. आणि मी ओळखत नव्हतो असं नाही, शिवांगी. मला माहीत होतं, आणि माहीत असून मी ते बांधून ठेवलं.

तुला तो रुमाल आठवत असणारच. निळ्या चौकड्यांचा, माझा. तू साडेचार वर्षांची होतीस. तुझ्या टीचरने चिठ्ठी पाठवली होती, की मुलगी डावखुरी आहे, तिला तसंच राहू द्या. मी छान इंग्रजीत आभार मानणारं उत्तर लिहिलं आणि त्याच संध्याकाळी जेवताना तुझं डावं मनगट खुर्चीच्या हाताला बांधलं. कारण काय, तर डिसेंबरात सांगलीला जायचं होतं. पंगतीत डाव्या हाताने वरण-भात कालवणारी मुलगी बघून लोक म्हणाले असते, अमेरिकेत जाऊन पोरीला वळण लावलं नाही. वर्षातून पंधरा दिवस भेटणाऱ्या लोकांसाठी मी वर्षभर रोज तो रुमाल बांधला. सगळा भात तुझ्या फ्रॉकवर सांडायचा. गाठ सैल आहे, असं मी स्वतःला सांगायचो. तू कधी ती सोडवून घेतली नाहीस. जेवण झालं की मी रुमाल सोडायचो, आणि तू त्याची नीट घडी करून माझ्या हातात परत द्यायचीस. तेवढं मला राहून राहून आठवतंय.

मग ती यादी मी कामाला घेतली. दस्ता कापला, सासरे सव्वासहा फूट आणि तू माझी मुलगी, तेव्हा पाऊण इंच बरोबरच होतं. जुना उंचवटा कानशीने घासून सपाट केला आणि उजव्या बाजूला अक्रोडाच्या लाकडाचा नवा तुकडा बसवला. सेफ्टीचं बटण मात्र गनस्मिथनेच बदललं, तिथे हौस कामाची नाही, आणि सगळी रायफल तपासूनही त्यानेच दिली. उंचवटा कुठे घासायचा हे बघायला मला ती डाव्या खांद्याला लावून बघावी लागायची. रिकामी आहे हे तीनदा बघून, भिंतीकडे तोंड करून. मला जमेना गं. कुठला डोळा मिटायचा ते कळेना, बोट चुकीच्या बाजूला बटण शोधायचं. बाहत्तराव्या वर्षी, कोणी बघत नसताना, माझ्याच गॅरेजमध्ये मला रडू आलं. एक गोष्ट मात्र करता आली नाही. रिकामं काडतूस उजवीकडूनच बाहेर पडतं, म्हणजे तुझ्या नाकासमोरून जाणार. ते बदलायचं तर नवी रायफलच हवी. चष्मा घालत जा. दोनशेच्या आत बसवलंय सगळं, पण पावती मागू नकोस.

खंडेनवमीला मी माझी हत्यारं मांडली. हातोडी, पाने, व्हर्नियर. आई हळद-कुंकू घेऊन गॅरेजमध्ये आली, सगळ्यांना बोट टेकवलं, आणि रायफलीपाशी थांबली. मला वाटलं वळून जाईल. तिने नव्या उंचवट्यावर कुंकवाचं बोट लावलं. "शिवांगीची आहे ना," एवढंच म्हणाली आणि गेली. लाकूड ताजं होतं, थोडा लाल डाग मुरलाय. मी तो पुसलेला नाही. खांद्याचा पट्टाही तिनेच शिवला, आम्ही पहिल्यांदा अमेरिकेत आलो तेव्हाच्या सुटकेसच्या पट्ट्यातून.

आता अक्षराचं. हे पत्र मी डाव्या हाताने लिहिलंय. नऊ दिवस लागले, रोज पान-अर्धं पान. पहिल्या दिवशी उजवा हात सारखा मध्ये येत होता, म्हणून आईला सांगून तो खुर्चीला बांधून घेतला. रुमालानेच. तिने गाठ चांगली करकचून मारली. मला वाटतं पस्तीस वर्षं तिला ती मारायची होती. बोटं दुखतात, शाई पुसली जाते, साधा "श" लिहायला घाम फुटतो, आणि आपण मठ्ठ आहोत असं वाटत राहतं. तुला तेव्हा हे रोज वाटत असेल. माझं चुकलं, शिवांगी. तेव्हाही आणि गणपतीतही. तू आरोहीला उचलून नेलंस ते बरोबर केलंस. तुझ्या वेळी कोणी तुला उचलून नेलं नाही. दिवाळीला या. नाही आलात तर हरणांचा मोसम सुरू व्हायच्या आत मी रायफल घेऊन येईन, दारात देईन, आणि तू बोलावलंस तरच आत येईन. आरोहीसाठी लाडू आणेन. ती जो हात पुढे करेल, त्या हातावर ठेवीन. सही नीट यावी म्हणून आईने आत्ता रुमाल सोडला आहे. मी त्याची घडी करून तिला दिली. पण सहीसुद्धा याच, डाव्या हाताने करतोय.

तुझाच,
बाबा