कान शाबूत

४ फेब्रुवारी १९५७
लाकडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आले. केसांत धूळ, कंबर मोडलेली, तरी मन भलतंच खूश आहे. नागपूरच्या मूकबधिर शाळेत शिकवताना खिडकीतून समोरची भिंत दिसायची; इथे दारातच मोहाचं झाड. एटापल्लीच्या वाटेवर, इतक्या आत एवढी मोठी आरागिरणी असेल असं वाटलं नव्हतं. गिरणीला लागूनच मजुरांच्या पोरांची शाळा. मॅनेजर दिघेकरांनी स्वतः चहा दिला. म्हणाले, पावसाळ्यापासून शाळेतली पोरं आणि काही मजूर बोललेलं ऐकेनासे झालेत. बहिरे आहेत की सोंग करतात ते तपासा. शाळेत पाणी भरणाऱ्या नीलाबाईनं माझी खोली सारवून ठेवली होती. तिचा नवरा लालसू गिरणीतच होता, तो तिला टाकून सिरोंच्याकडे पळून गेला म्हणे. ती फार बोलत नाही.

७ फेब्रुवारी
बहिरं कुणीही नाही. नादकाटा वाजवून लांब नेत गेले, तरी पोरं बोट वर करून ठेवतात. संध्याकाळी आरा थांबल्यावर पाठमोरी बसवून टाचणी पाडली, सगळी वळली. पण 'पाटी घे' म्हटलं की तोंडाकडे बघत राहतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. असं एखादं मूल मी नागपुरात पाहिलं होतं. इथे वर्गच्या वर्ग. सगळ्यांत जास्त त्रास सोमारीला. हुशार पोर, पण 'काय?' विचारून विचारून आता विचारणंही सोडलंय. तिच्या पोटऱ्यांवर छडीचे वळ आहेत. दिघेकर येता-जाता मारतात, न ऐकण्याबद्दल. मी छडी मागून घेतली आणि त्यांच्यासमोर मोडली. ते हसले. मला तो माणूस आवडत नाही.

१२ फेब्रुवारी
आऱ्यावर काम करणारा जंगू आला. मोठा माणूस, पण तीच तक्रार. कान उत्तम, समोरचा बोलला की नुसता कल्लोळ. मग दिघेकर म्हणाले, माझेही तपासा. त्यांचे कान अप्रतिम आहेत. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून मी कुजबुजले, तो शब्दन् शब्द त्यांनी सांगितला, आरा चालू असताना. वर म्हणाले, बघा, मनात असलं की ऐकू येतं.
 

१८ फेब्रुवारी
पोरांना जवळ बसवते, तोंड त्यांच्याकडे करून लहान लहान वाक्यं बोलते, हातानं दाखवते. आऱ्याकडच्या खिडक्यांना गोणपाट लावलं. फरक पडतोय! सोमारी आज 'बाई, पानी देऊ?' म्हणाली, तेव्हा नीलाबाईही हसली.
मग पुढची चाचणी घेतली. सोमारीच्या एका बाजूला मी, दुसरीकडे नीलाबाई. दोघींनी एकदम वेगळे शब्द बोलायचे, तिनं दोन्ही सांगायचे. मी म्हटलं पान, नीलाबाई म्हणाली दोर. सोमारी म्हणाली, "पान. दोर. थांबवा."
पुन्हा केलं. पुन्हा तिसरा शब्द. मी विचारलं, थांबवा कोण म्हणालं?
ती म्हणाली, "तुमी बोलता तवा तो बी बोलते. मले समद्याईचं एकदम आयकू येते."
नीलाबाईच्या हातातला पाण्याचा गुंड खाली पडला.

१९ फेब्रुवारी
एकेकाला वेगळं बोलावून विचारलं. सगळ्यांना तेच ऐकू येतं. थांबवा. आरा थांबवा. मी इथी हाव.
जंगूनं सांगितलं. मान खाली घालून, नीलाबाईसमोर. लालसू कुठेही पळाला नाही. पावसाळ्यात ओंडक्यांची थप्पी सरकली आणि तो खाली सापडला. सगळ्यांचे हात लागले असते तर ओंडके हलले असते, पण त्यासाठी आरा थांबवायला हवा होता. दिघेकर म्हणाले, जो मशीन सोडेल त्यानं परत येऊ नये. लालसू सकाळपासून दुपारपर्यंत ओरडत होता. शाळेत ऐकू येत होतं; नीलाबाई त्या दिवशी गावाला गेली होती. दिघेकरांनी शाळेच्या तेव्हाच्या मास्तरांना निरोप पाठवला, पोरांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावा. मास्तरांनी लावले. आवाज थांबल्यावर दिघेकरांनी वर आणखी ओंडके रचून घेतले.
"आमी समद्याईनं आयकलं बाई," जंगू म्हणाला. "आन् हाललो नाई."
नीलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठून थप्पीकडे गेली आणि ओंडक्याला हात घातला. एकटीनं.

२० फेब्रुवारी
दिघेकरांना तोंडावर विचारलं. म्हणाले, असा कुठलाही माणूस माझ्या आठवणीत नाही.  त्यांना तो आवाज ऐकूच येत नाही. ज्यानं हे केलं त्याचे कान स्वच्छ.

२३ फेब्रुवारी
दिघेकर चांद्याला गेले तसा जंगूनं आरा बंद केला. बाया-माणसं सगळी लागली. लालसू तिथेच होता. नीलाबाईनं हातातल्या कड्यावरून ओळखला. त्यांच्या रीतीनं जंगलात नेला, दगड उभा केला.
आता थांबेल असं वाटलं होतं. पोरांना विचारलं, थांबला?
सोमारीनं मान हलवली. नाही. आता जोरानं बोलते.

२५ फेब्रुवारी
मलाही.
नीलाबाई समोर बसून बोलत होती, ओठ हलत होते, आणि मध्ये एक पुरुषाचा आवाज, चिडलेला — तिचं एकही वाक्य धड कळलं नाही. माझे कान शाबूत आहेत. मीच तपासले.

२७ फेब्रुवारी
दिघेकर परतले. जंगूला सगळ्यांदेखत चाबकानं मारलं. थप्पी परत त्याच जागी रचायला लावली, आधीपेक्षा उंच. स्वतः खाली उभे राहून हुकूम देतात. मजुरांना हुकूम कळत नाही, म्हणून आणखी मारतात. आवाज आता दुसरंच काही बोलतोय. अजून नीट —

१ मार्च, सकाळ
सरका. तो 'सरका' म्हणाला. मी वर्गात ऐकलं, अगदी स्पष्ट. खिडकीशी धावले. सगळे मजूर एकदम मागे सरले. सगळ्यांनी ऐकलं होतं.
दिघेकरांनी नाही.
थप्पी —

दुपार
दिघेकर ओंडक्यांखालून ओरडताहेत. अजून. आरा चालूच आहे. मजूर उभे आहेत, हात सोडून, तोंडाकडे बघावं तसे ओंडक्यांकडे बघत. नीलाबाई पायरीवर बसली आहे.
आवाज पोचतो. शब्द पोचत नाही. खरंच नाही. मी शिकलेली बाई, मला कळायला हवं, पण नुसता कल्लोळ —
सोमारी समोर येऊन बसली. तोंड माझ्याकडे करून. एकेक शब्द, हळू.
"बाई. तुमाले. कळते."
मी मान हलवली. नाही.
ती उठत नाही. पुन्हा तेच म्हणते आहे. बाई, तुमाले —